साक्षीदाराची सोय

कायदा खात्यात तिला सगळे मसुदेबाई म्हणत. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. कुठल्याही खात्याला नवा कायदा हवा झाला की त्या खात्याचे साहेब येऊन तासभर गुळमुळीत बोलून जात, आणि त्या गुळमुळीतातून माणसाला वाचता येतील अशी कलमं उभी करायचं काम मसुदेबाईच्या गळ्यात पडे. पाळीव कुत्र्यांचे परवाने, बाजारातली वजनमापं, स्मशानांची देखभाल, सगळ्यावर तिने लिहिलं होतं, आणि त्यातल्या कशाखालीही तिची सही नव्हती. तिला त्याचं कधी फारसं वाईट वाटलं नाही.

लोकपालाचा कायदा तिच्याकडे आला तेव्हा मात्र ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "एक काम असं आलंय, की ते नीट झालं तर मी सुखाने मरेन."

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि उत्तरपत्रिकांच्या ढिगाऱ्यामागे बसला होता. "मरायचं नंतर बघू," तो म्हणाला, "आधी गॅस बंद कर, दूध उतू चाललंय."

त्याचं झालं होतं असं, की शाळांतल्या पोरांसाठी आलेली दुधाची भुकटी एका मंत्र्याच्या मेव्हण्याच्या गोदामात सापडली होती. लोक भडकले, रस्त्यावर आले, दोन-चार काचा फुटल्या. मग सरकारने जाहीर केलं, की सरकारी माणसांवर नजर ठेवणारा, पण स्वतः सरकारच्या मुठीत नसलेला एक लोकपाल नेमायचा. तो कसा असावा हे ठरवायला समिती बसली. आणि समितीत कोण? ज्यांच्यावर नजर ठेवायची त्याच खात्यांचे सचिव. चोरांना दुकानात नेऊन सांगावं, घ्या, तुम्हाला आवडेल ते कुलूप निवडा, तसा हा प्रकार होता.

अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश होते. आवाज मऊ, केस पांढरेशुभ्र, बघितलं की पाया पडावंसं वाटावं असे. पण बैठकीत ते चहात बिस्कीट बुडवून ठेवत, ते विरघळून तळाशी बसे, आणि मग तो लगदा चमच्याने खरवडून खात खात ते कलमं वाचत. पान उलटताना बोट जिभेला लावत. मसुदेबाईच्या टंकलेल्या पानांच्या कोपऱ्यांवर त्या बोटाचे ओलसर पिवळट डाग पडत. ती रोज नवी प्रत काढून ठेवी, आणि रोज त्या प्रतीला तेच डाग पडत.

तिची खुर्ची टेबलाशी नव्हती. मसुदा लिहिणाऱ्याने अध्यक्षांच्या मागे, भिंतीला लागून बसायचं, विचारलं तर शब्द पुरवायचा आणि मत स्वतःजवळ ठेवायचं, असा तिथला जुना रिवाज. वर्षानुवर्षं ती अशीच बसत आली होती. त्यामुळे साहेब लोकांची डोकी तिला मागून जास्त ओळखीची होती.

तिने पहिला मसुदा जीव ओतून लिहिला होता. लोकपालाची नेमणूक मंत्र्यांनी करायची नाही, बाहेरच्या मंडळाने करायची. त्याचे तपासनीस त्याचे स्वतःचे असायचे, खात्यांकडून उसने आणलेले नव्हेत. कुणी दार ठोठावायची वाट न बघता त्याला आपणहून चौकशी करता यायला हवी. आणि तक्रार करणाऱ्याचं नाव कुणालाही, म्हणजे अगदी कुणालाही कळता कामा नये, हे तिने सगळ्यात जास्त वेळ घेऊन लिहिलं.

समितीने या मसुद्याला कात्री लावायला सुरुवात केली. बाहेरचं मंडळ कशाला, मंत्रिमंडळ आहेच की, असं एक जण म्हणाला. नवे तपासनीस परवडणार नाहीत, आम्ही देऊ ना आमची माणसं उसनी, असं दुसरा म्हणाला, आणि हे म्हणताना त्याला हसूसुद्धा आवरलं नाही. आपणहून चौकशी? मग काय तो माणूस आमच्या कपाटांत डोकावत बसणार का? दर वेळी अध्यक्ष मान डोलावत आणि म्हणत, "आपण सुवर्णमध्य काढू." ते शब्द कानावर आले की मसुदेबाई पेन्सिल हातात घेऊन ठेवी, कारण आता काय कापलं जाणार हे तिला कळलेलं असे. घरी आल्यावर तिला जेवण जात नसे.

शेवटी तक्रारदाराच्या नावाचं तेवढं कलम उरलं. त्यालाही आरोग्यसचिवांनी हात घातला. हा माणूस शिडशिडीत, अत्तराचा वास येणारा, आणि त्याला एक खोड होती: खिशातली जंतुनाशकाची बाटली काढून तो दर पाच मिनिटांनी हात चोळत बसे.

"निनावी तक्रार म्हणजे अंधारातून मारलेला दगड," तो हात चोळत म्हणाला. "ज्याच्यात दम आहे त्याने समोर यावं. लपायचं कशाला? आमच्या खात्यात कुणी कुणाला घाबरत नाही."

"खरंय," अध्यक्ष म्हणाले. "पण अहो, एकतर्फी नको. असा एखादा घाबरलेला माणूस आपण ऐकू तरी. काय त्याचं म्हणणं आहे ते कळेल." मग ते खुर्चीत मागे वळले. "बाई, तुमच्या माहितीत आहे का कुणी?"

विचार करायच्या आतच मसुदेबाईच्या तोंडून गेलं, "आहे."

तिच्या डोळ्यांसमोर अक्का होत्या. अक्का म्हणजे तिची थोरली नणंद, सरकारी इस्पितळात बाळंतपणाच्या विभागाच्या मुख्य सिस्टर. आईबाप लवकर गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावलं, आणि मग त्याच्याच घरातल्या मागच्या खोलीत राहिल्या. लग्न होऊन आली तेव्हा मसुदेबाई मनात म्हणाली होती, सासू नाही म्हणून सुटले म्हणावं, तर ही इथे ठाण मांडून बसलेली. पण अक्का कुणाच्या अध्यात ना मध्यात. कामावरून आल्या की कोपरापर्यंत हात धुवायच्या, कडक चहा घ्यायच्या आणि रेडिओवरच्या बातम्यांशी भांडायच्या.

उन्हाळ्यात एकदा आल्या त्या हात धुतच राहिल्या. नळ बंद होईना म्हणून मसुदेबाई बघायला गेली. तेव्हा त्यांनी सांगितलं. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी कमी का येतात हे बघायला त्या गच्चीवर गेल्या होत्या. तिथे दोऱ्यांवर हातमोजे वाळत घातले होते. शस्त्रक्रियेचे, बाळंतपणाचे, वापरून झालेले, जे जाळून टाकायचे असतात ते. मनगटाकडून चिमटे लावलेले, बोटं खाली, गाईच्या आचळांसारखी लोंबणारी. सावलीत दोन माणसं बसून त्यांना पावडर फासत होती, नव्या पाकिटांत भरत होती आणि इस्त्रीने पाकिटांची तोंडं चिकटवत होती.

"एकाच्या अंगठ्यात रक्त वाळलेलं होतं गं," अक्का म्हणाल्या. "तसंच पावडरीखाली झाकलं. आणि तो मोजा घालून मी सकाळी एकीचं बाळंतपण केलं असेन, कुणाला ठाऊक."

बाळंतिणींना मधूनमधून ताप का चढतो, याचं उत्तर त्यांना त्या गच्चीवर मिळालं. एक पहिलटकरीण तर गेलीच. इस्पितळाच्या अधीक्षकांनी तिच्या कागदावर मृत्यूचं कारण म्हणून अशक्तपणा लिहिला. नव्या मोज्यांची बिलं निघत होती, मोजे गच्चीवरून येत होते, आणि मधला पैसा अधीक्षकांपासून वर कुठवर जात होता ते देवालाच माहीत. "सांगू कुणाला?" अक्का म्हणाल्या होत्या. "तक्रार द्यायची ती अधीक्षकांकडेच."

आता मसुदेबाई त्यांच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "अक्का, खोलीत फक्त समिती असेल. तुमचं नाव अध्यक्षांशिवाय कुणाला कळणार नाही. बाहेर तर मुळीच नाही."

"माझी नोकरी संपत आलीय, वहिनी. आता पेन्शन अडकवली तर काय तुमच्या दारात बसू?"

"दारात कशाला? घरातच तर आहात."

"ते आज. उद्या गुडघे गेले, उठता येईना झालं, की बघू तुझं तोंड कसं होतं ते," अक्का हसल्या. मग हसू गेलं. "खरं सांग. त्या लोकांनी ऐकलं, तर तुझं ते कलम राहील?"

"राहील. आणि ते राहिलं, तर तुमच्यासारख्या कुणालाही पुढे बोलता येईल. नावाशिवाय."

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. "अक्का, तू यात पडू नकोस," तो म्हणाला. "हिला तिचा कायदा दिसतोय. तुझं काय होईल ते तिला दिसत नाहीये."

"तू पेपर तपास," अक्का त्याला म्हणाल्या, आणि मग मसुदेबाईकडे वळून, "काल आणखी एकीला थंडी वाजून आली. एकोणीस वर्षांची आहे. मला म्हणते, सिस्टर, मी मरेन का? येते मी. तुझा शब्द आहे ना?"

"शब्द आहे," मसुदेबाई म्हणाली.

तिने एका चिठ्ठीवर नाव लिहिलं आणि कुणाच्या हातून न पाठवता स्वतः अध्यक्षांच्या हातात दिलं. अध्यक्षांनी ती वाचली, गंभीरपणे घडी केली आणि बाजूला उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला दिली. "यांची सोय करा. गुप्त आहे बरं का."

या अधिकाऱ्याला सगळे शिष्टाचार म्हणत, कारण त्याचं कामच ते होतं. पाहुण्याला कुठली गाडी पाठवायची, कुठल्या खुर्चीत बसवायचं, चहा आधी की पाणी आधी, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. स्वभावाने भला माणूस. सरकारी नोकराला समितीपुढे बोलवायचं तर काय करायचं, हे त्याला झोपेतही आलं असतं: त्याच्या वरिष्ठाला फोन करायचा, कशासाठी हवा ते सांगायचं, तेवढ्या वेळापुरता त्याला कामातून मोकळा करून घ्यायचा, आणि वरिष्ठालाही सोबत यायचं अगत्याचं आमंत्रण द्यायचं, नाहीतर त्याचा अपमान होतो. आजवर प्रत्येक साक्षीदार असाच आला होता. गुप्त साक्षीदार त्याहून वेगळा कसा आणायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि विचारावं असं त्याला वाटलंही नाही. त्याने इस्पितळाच्या अधीक्षकांना फोन लावला आणि सांगितलं, की तुमच्या मुख्य सिस्टरांची गुप्त साक्ष आहे, कृपया पाठवावं, आणि आपणही यावं. सचिवसाहेबांचा मान म्हणून त्यांच्या कचेरीतही कळवलं.

मसुदेबाईला यातलं काही माहीत नव्हतं. पण तिला माहीत असायला हवं होतं. ती त्याच इमारतीत म्हातारी होत चालली होती.

साक्षीच्या दिवशी ती खोलीत शिरली, आणि टेबलाच्या टोकाला तिची नजर गेली. तिथे पांढऱ्या पुठ्ठ्याची सुबक पाटी उभी होती. वर अक्कांचं पूर्ण नाव. खाली हुद्दा, विभाग, इस्पितळ. आणि सगळ्यात खाली, जरा तिरक्या अक्षरांत: गोपनीय साक्षीदार.

ती पाटी उचलायला पुढे झाली तेवढ्यात दार उघडलं. एक गोलमटोल, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस दार धरून अदबीने बाजूला झाला आणि म्हणाला, "या अक्का, या. सांभाळून, पायरी आहे."

ते अधीक्षक होते. स्वतःच्या गाडीतून घेऊन आले होते. वाटेत थांबून त्यांनी अक्कांना सरबतही पाजलं होतं, हे त्यांनी आल्याआल्या सगळ्यांना सांगितलं. मग ते अक्कांच्या शेजारच्या खुर्चीत बसले, कारण शिष्टाचारने ती त्यांच्यासाठीच ठेवली होती.

अक्का इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशात होत्या. त्यांनी पाटी वाचली. मग खोलीभर बघत बघत त्यांची नजर मागच्या भिंतीशी बसलेल्या मसुदेबाईवर येऊन थांबली. त्या नजरेत राग नव्हता. गल्लीत चुकलेलं माणूस ओळखीचं घर शोधतं, तशी ती नजर होती. मसुदेबाईने मान खाली घातली.

"निर्भयपणे बोला हं," अध्यक्ष म्हणाले. बिस्कीट चहात होतं. "इथे सगळी आपलीच माणसं आहेत."

"हो, बोला ना अक्का," अधीक्षक म्हणाले. "मनात काही ठेवू नका."

अक्कांनी हात मांडीवर ठेवले. "माझं काही म्हणणं नाही," त्या म्हणाल्या. "सगळं व्यवस्थित आहे."

"काहीच तक्रार नाही?"

"नाही."

"सामान वगैरे वेळेवर मिळतं?"

"मिळतं."

"आमच्या विभागाचा कणा आहेत या," अधीक्षक म्हणाले. आरोग्यसचिवांनी बाटली काढली, तळव्यावर थेंब पाडले आणि हात चोळत म्हणाले, "बघा साहेब. खुद्द साक्षीदारच सांगतेय. ज्या भीतीसाठी आपण एवढं मोठं कलम घालतोय, ती भीतीच नाही. उगाच कायद्याचं ओझं."

अध्यक्षांनी चमच्याने लगदा उचलला, तोंडात घातला, जीभ ओठांवरून फिरवली. "तर मग," ते म्हणाले, "या बाईंच्या साक्षीचा आधार घेऊन हे कलम वगळावं, असं आपण नोंदवू. बाई, लिहून घ्या."

बाई म्हणजे मसुदेबाई. अक्कांच्याच तोंडचे शब्द वापरून अक्कांचंच कलम मारायचं, आणि ते तिने आपल्या हाताने लिहायचं. तिला त्या चहाची, त्या अत्तराची, त्या चोळल्या जाणाऱ्या हातांची किळस आली. इतकी वर्षं ती मूग गिळून बसली होती. आता तिला बसवेना. ती उभी राहिली.

"त्या खोटं बोलतायत," ती म्हणाली.

सगळी डोकी मागे वळली. त्या खोलीत भिंतीकडून कधी आवाज आला नव्हता.

"घाबरून बोलतायत. शेजारी कोण बसवलंय बघा की! तुम्हाला भीती कशी असते ते ऐकायचं होतं ना? ही अशी असते! त्यांनी मला घरी सगळं सांगितलंय. धुलाईघराच्या गच्चीवर वापरलेले मोजे धुऊन वाळवतात, पावडर लावून नवे म्हणून भरतात. बाळंतिणींना त्याने ताप येतो. एक मुलगी मेली. सगळं यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, आणि यांना," तिने अधीक्षकांकडे बोट केलं, "यांना ते पक्कं ठाऊक आहे."

बोलत असताना तिला फार मोकळं वाटत होतं. आवाज स्वच्छ लागला होता. वाक्य संपलं, आणि मग तिचं लक्ष अक्कांकडे गेलं.

अक्कांनी डोळे मिटून घेतले होते. शब्द गिळून गिळून त्यांनी जे वाचवलं होतं, ते मसुदेबाईने भर टेबलावर ओतून टाकलं होतं. नाव, जागा, गच्ची, सगळं.

"असं?" अधीक्षक अगदी हळुवारपणे म्हणाले. "अक्का, मला का नाही सांगितलंत हो?"

अध्यक्षांनी चमचा खाली ठेवला. त्यांचे डोळे पाणावले होते, आणि ते खरोखरच पाणावले होते, हा त्यातला सगळ्यात ओंगळ भाग. "आज माझे डोळे उघडले," ते म्हणाले. "हे कलम राहणार. जसंच्या तसं. एक शब्द बदलायचा नाही." आरोग्यसचिवांनी क्षणभर अधीक्षकांकडे बघितलं, अधीक्षकांनी पापणी हलवली, आणि सचिव म्हणाले, "आमची काहीच हरकत नाही. उलट स्वागतच आहे." त्यांनी इतक्या चटकन माघार का घेतली, हे मसुदेबाईला तेव्हा कळलं नाही. तिला वाटलं, आपण जिंकलो.

परत जाताना अक्का अधीक्षकांच्याच गाडीतून गेल्या. सोय तशी केलेली होती.

त्या घरी आल्या तेव्हा नवऱ्याला सगळं कळलं होतं. पुढे कितीतरी दिवस तो मिठाचा डबासुद्धा बायकोकडे न बघता सरकवायचा. अक्कांनी हात धुतले, चहा घेतला. रेडिओ लावला नाही.

"अक्का, मला तुमचं कलम मारलेलं बघवेना," मसुदेबाई म्हणाली.

"माझं नव्हतं ते," अक्का म्हणाल्या. "तुझं होतं."

मग चौकशी झाली. आगाऊ कळवून, तारीख ठरवून, चहापाण्याची व्यवस्था विचारून झाली. गच्चीवर दोऱ्या नव्हत्या. तिथे फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या होत्या, आणि चौकशीला आलेल्या माणसांनी कुंड्यांची तारीफ केली. कोठारात नव्या कोऱ्या मोज्यांची खोकी छतापर्यंत रचलेली होती. त्या महिन्यात म्हणे एकाही बाळंतिणीला ताप आला नाही. ती एकोणीस वर्षांची मुलगी मात्र त्याआधीच गेली होती.

अक्कांची बदली जुन्या चादरींच्या कोठारात झाली. तिथे ना पेशंट, ना खिडकी. त्या रोज वेळेवर जात, कुबट वास अंगावर घेऊन परत येत, आणि घरात कुणाला काही म्हणत नसत. मसुदेबाईने माफी मागायचा एकदोनदा प्रयत्न केला. अक्का म्हणायच्या, "राहू दे गं आता." ते ऐकणं शिव्या खाण्यापेक्षा वाईट होतं.

तिकडे कायदा थाटात मंजूर झाला. वर्तमानपत्रांनी तक्रारदाराच्या कलमाचं तोंड भरून कौतुक केलं. बाकी लोकपालाचे दात समितीने केव्हाच काढून घेतले होते, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. लोकपाल म्हणून मंत्रिमंडळाने कुणाला नेमलं? त्या अध्यक्षांनाच. शिष्टाचार त्यांचा सचिव झाला. तपासनीस खात्यांकडून उसने आले. आरोग्याच्या प्रकरणांसाठी आरोग्य खात्याने आपली माणसं दिली, आणि चांगली निवडून दिली. उद्घाटनाला आरोग्यसचिव मुद्दाम मसुदेबाईजवळ आले आणि तिचा हात आपल्या थंडगार, ओलसर हातांत घेऊन म्हणाले, "तुमचं ते कलम म्हणजे या कायद्याचा आत्मा आहे, बाई." तिने घरी येऊन कोपरापर्यंत हात धुतले, तरी वास गेला नाही.

लोकपालाच्या कचेरीतून निघालेलं पहिलंच पत्र या घरी आलं.

रविवारची सकाळ होती. नवरा बाजारात गेला होता. अक्कांनी पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "वहिनी, हे जरा वाच. मला सगळं कळलं असं वाटत नाही."

मसुदेबाईने वाचलं. बाळंतपणाच्या विभागातल्या माजी मुख्य सिस्टरांनी नव्या हातमोज्यांची खोकी परस्पर विकली आणि वापरलेले मोजे धुऊन पेशंटसाठी वापरले, अशी तक्रार लोकपालांकडे आली होती. खोकी मिळाल्याच्या सह्या अक्कांच्याच होत्या. खोकं आलं की सही करायची, हे त्यांचं कामच होतं. निवृत्तीनंतर मिळायची पेन्शन निकाल लागेपर्यंत रोखून ठेवण्यात येणार होती.

"म्हणजे मी विकले?" अक्का म्हणाल्या.

मसुदेबाईने पत्र पुन्हा बघितलं. तिने होकारार्थी मान हलवली.

"तक्रार कुणी केली?"

"लिहिलेलं नाही."

"ते दिसतंय मला. पण मला विचारता येईल ना? लोकपालांकडे जाऊन? माझ्यावर कुणी हे घातलं ते मला कळायला नको?"

"नाही कळणार, अक्का."

"अर्ज केला तर?"

"नाही."

"कोर्टात गेले तर?"

"कोर्टालाही सांगायचं नाही, असं आहे."

"असं कुठे आहे?"

मसुदेबाईने पत्राच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं. तिथे ते कलम जसंच्या तसं छापलं होतं, एकही शब्द न बदलता. अक्कांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला, आणि एकेका शब्दावरून बोट फिरवत ते सावकाश वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कुठून तरी आत शिरायला वाट सापडते का ते शोधत होत्या. मग त्यांनी कागद खाली ठेवला.

"छान लिहिलंयस गं," त्या म्हणाल्या. "कुठे फट म्हणून ठेवली नाहीस."

त्यात टोमणा नव्हता. तो असता तर मसुदेबाईला रडता तरी आलं असतं.